नाशिकची पोरं, न्यासाकाठची माणसं

१८७३ सालचा नोव्हेंबर महिना. आजच्या टांझानियातल्या कासेकेरा नावाच्या गावाजवळ काही माणसं जोंधळ्याची ताटं गोळा करत होती. ताटांचा माणसाच्या उंचीएवढा भारा बांधला, वरून कापड गुंडाळलं, दोऱ्यांनी आवळलं आणि प्रेत न्यावं तसा तो भारा खांद्यावर घेऊन मंडळी आल्या वाटेने परत निघाली. गावाला सांगितलं, तुमच्या मुलखातून मढं न्यायला तुमची हरकत आहे ना? मग आम्ही ते मागे उन्यान्येंबेला नेऊन पुरतो. रात्र पडल्यावर रानात शिरून त्यांनी ताटं विखरून टाकली, चिंध्या लपवल्या आणि एकेक जण गुपचूप मुक्कामी परतला. तोवर खरं प्रेत नव्याने बांधून झालं होतं. ते आता व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठोड्यासारखं दिसत होतं, आणि मालाला कोण अडवतो?

प्रेत स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं होतं. सहा महिन्यांपूर्वी आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी तो वारला होता. ही हकिकत इंग्रजी पुस्तकांत ‘धन्याचे इमानी नोकर’ अशा थाटात शेकडो वेळा सांगून झाली आहे. त्या तांड्यातले काही जण नाशिकला शिकलेले होते, हे मात्र नाशिक जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत असतं. निफाडहून कोर्टकचेरीच्या, दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या बस्त्याच्या निमित्ताने नाशिकला गेलेला माणूस शरणपूर रोडवरून हमखास जातो. रस्त्याला नाव देणारं शरणपूर कोणासाठी वसलं, हे सांगणारं तिथे सहसा कोणी भेटत नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३२ पासून सुरू होतं. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभी केली. ते शरणपूर. तिथे शाळा होती, सुतारकामा-लोहारकामाचं शिक्षण होतं, आणि थोड्याच काळात आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रयगृहही आलं. ही मुलं समुद्रावरून आलेली. झांझिबार-किल्वाच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे गुलाम नेणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे. पण सोडवलेल्या माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवलं तर ती आठवडाभरात पुन्हा विकली जाणार, हे ठरलेलं. म्हणून त्यांना एडनला किंवा मुंबईला आणत. मुंबईतून त्यांची वाटणी होई. काही कुणाच्या घरी, काही मिशनच्या पदरी. अशा वाटणीतून मध्य आफ्रिकेतल्या याओ, मकुआ वगैरे जमातींची पोरं घाट चढून नाशिकला पोचली. त्यांना नवी नावं मिळाली, बरीचशी मिशनऱ्यांचीच. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. याओ मुलुखातला चेंग्विंबे इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. शाळेत इंग्रजी आणि भोवतालच्या बाजारात नाशिकची बोली, असं त्यांचं लहानपण गेलं.

ही पोरं जिथून आली तो मुलूख म्हणजे न्यासा सरोवराभोवतीचा टापू. आज तो मलावी, मोझांबिक आणि टांझानिया यांच्यात विभागला गेला आहे. याओ हे मूळचे दूर पल्ल्याचे व्यापारी. हस्तिदंत घेऊन किल्व्याला जायचं, कापड आणि मणी घेऊन परतायचं, हा त्यांचा जुना धंदा. एकोणिसाव्या शतकात लवंगांच्या मळ्यांमुळे झांझिबारला माणसांची भूक वाढली, तसा हस्तिदंताबरोबर माणसांचाही व्यापार वाढला. बंदुका आल्या. १८६० च्या सुमारास याओ सरदारांच्या टोळ्या शिरे नदीच्या उंच पठारावर शिरून मांगांजा लोकांची गावं लुटू लागल्या. पण विकणारे याओ आणि विकलेले मांगांजा इतकी सरळ वाटणी नव्हती. कर्जापायी, भांडणापायी, अनाथ झाल्यापायी याओंची पोरंही विकली जात. शरणपुरात आलेली बरीच याओ मुलं अशीच आलेली.

आणि या धंद्याला भांडवल कोण पुरवत होतं? झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कितीतरी वर्षं कच्छी भाटिया जयराम शिवजीच्या पेढीकडे होता. अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचे तांडे आत जायचे ते हिंदी सावकारांकडून उधारीवर माल उचलून. लिव्हिंगस्टनच्या टिपणांत तर ‘बनियनांचे गुलाम’ वारंवार येतात. त्याच्या मदतीला पाठवलेले हमाल हे हिंदी व्यापाऱ्यांच्या मालकीचे गुलाम होते. म्हणजे सुटका झालेली पोरं मुंबईच्या बंदरात उतरत होती आणि त्यांना पकडणाऱ्या तांड्यांना उधारी देणाऱ्या पेढ्यांचा व्यवहारही हिंदुस्थानाशीच बांधलेला होता. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना पहिला भाग आवडीने सांगतात आणि दुसरा गाळतात. दोन्ही एकाच वहीत लिहायला हवेत.

लिव्हिंगस्टन मुंबईला पहिल्यांदा आला तो जून १८६४ मध्ये. ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट त्याने झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून स्वतः चालवत आणली. बोटीवर शिरे पठारावर १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेले दोन मुलगे होते, चुमा आणि विकातानी. त्या दोघांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. सुसी आणि अमोदा हे आणखी दोघे गोदीत कामाला लागले. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन परत आला. आता नाईल नदीचा उगम शोधायचा होता. थळ घाटातला लोहमार्ग त्याच वर्षी खुला झालेला. तो नाशिकला गेला आणि शरणपूरच्या शाळेतले नऊ तरुण निवडले.

एक योगायोग निफाडकरांना आवडेल. १८४२ साली निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या वेळी मुंबईतच कायद्याचा अभ्यास करत होते. त्यांची आणि चुमाची भेट झाली असेल असं मानायला काही आधार नाही. पण शहर एकच होतं आणि विल्सन साहेब त्या शहरातलं मोठं नाव होतं. पुढे १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जानेवारी १८६६ मध्ये ‘थ्यूल’ नावाची बोट मुंबईहून निघाली. मुंबई सरकार ती झांझिबारच्या सुलतानाला भेट म्हणून पाठवत होतं. किनाऱ्यावरून आत निघालेला काफिला बघण्यासारखा असणार. मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, कोमोरो बेटांपैकी जोहान्नाचे दहा जण, नाशिकचे नऊ, चुमा, विकातानी, सुसी, अमोदा, सहा उंट, तीन म्हशी नि एक पारडू, दोन खेचरं, चार गाढवं आणि एक कुत्रा. ही जनावरं त्सेत्से माशीच्या चाव्यापुढे टिकतात का, हे लिव्हिंगस्टनला पाहायचं होतं. जनावरं बहुतेक मेली. शिपायांनी त्यांना मारझोड केली असा त्याचा आरोप होता. जुलैमध्ये त्याने शिपायांना परत पाठवलं.

इथून पुढे त्याच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांबद्दल तक्रारीच तक्रारी आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, ओझं टाकतात. वाचणाऱ्याने थोडं त्यांच्या बाजूने पाहावं. सुतारकाम शिकलेली, पुस्तकं वाचणारी ही तरुण मंडळी एका साहेबाच्या मागे पायी चालली होती ती ज्या मुलखात त्यांच्या गळ्यात जोखड पडलं होतं नेमक्या त्याच मुलखात. वाटेवर झाडाला बांधून मारलेली माणसं त्यांनीही पाहिली. लिव्हिंगस्टनसाठी तो गुलामगिरीचा पुरावा होता. त्यांच्यासाठी काय होता, ते त्याने फारसं विचारलेलं दिसत नाही.

एक प्रसंग मात्र त्याने टिपला, आणि बरं झालं. जुलै १८६६ मध्ये तांडा मताका या बड्या याओ सरदाराच्या गावी पोचला. किमान हजारभर घरांचं गाव. बघायला जमलेल्या गर्दीतून एका माणसाने नाशिकच्या अब्राहमला ओळखलं. तो त्याचा मामा-काका कोणीतरी होता. त्याच्याकडून कळलं की अब्राहम विकला गेल्यावर त्याची आई आणि दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. नातेवाईक म्हणाले, राहा इथेच. लिव्हिंगस्टनही म्हणाला, राहा. अब्राहम राहिला नाही. आई नाही, बहीण नाही, अशा गावात राहून करू काय, असं त्याचं म्हणणं. ‘मायदेशी परतले’ असं एका ओळीत लिहिणाऱ्या इतिहासकाराने हा प्रसंग एकदा वाचावा. गंमत म्हणजे त्याच मताकाने आपल्या लोकांनी परवानगीवाचून सरोवराकडून पळवून आणलेली माणसं आणि गुरं परत पाठवायचा हुकूम सोडला होता. गुलामांचा व्यापारी आणि न्यायी मुखिया, दोन्ही तोच.

विकातानीचं उलट झालं. सप्टेंबरमध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला त्याला भाऊ भेटला आणि तो तिथेच थांबला. मुंबईत बाप्तिस्मा घेऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. पुढे स्कॉटिश मिशनची मंडळी न्यासा सरोवरावर आली तेव्हा त्यांना इंग्रजी जाणणारा हा माणूस तिथे आयता सापडला.

बाकीच्यांपैकी काही पळाले, काही वारले. जेम्स रटन १८७१ मध्ये मन्येमाच्या जंगलात बाण लागून मेला. १८६८ मध्ये लिव्हिंगस्टन बांग्वेउलू सरोवराकडे निघाला तेव्हा बहुतेकांनी सरळ नकार दिला, पुढे ‘इमानी’ म्हणून अजरामर झालेल्या चुमा-सुसीनेसुद्धा. परतल्यावर त्याने त्यांना पुन्हा घेतलं. आपल्यातही दोष आहेत, असं त्याने स्वतःलाच बजावलं. इमान म्हणजे न मोडणारी वस्तू असं मानणाऱ्या गोष्टीत हा नकार बसत नाही, म्हणून तो सहसा सांगत नाहीत. खरं तर ही माणसं राहिली ती राहायचं ठरवून, आणि म्हणूनच त्यांच्या राहण्याला किंमत आहे.

ऑगस्ट १८७२ मध्ये नाशिकच्या शाळेचे आणखी सहा जण उन्यान्येंबेला लिव्हिंगस्टनकडे पोचले. जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. लंडनच्या भौगोलिक संस्थेने काढलेल्या मदतमोहिमेसाठी ते झांझिबारला आले होते. ती मोहीम बारगळली आणि पत्रकार-प्रवासी स्टॅन्लीने पाठवलेल्या तांड्यात ते सामील झाले. यातला जेकब लिहिता होता.

बांग्वेउलूच्या दलदलीत तांड्याचे हाल झाले. लिव्हिंगस्टन रक्ती आवेने झिजत गेला. मे १८७३ च्या सुरुवातीला चितांबोच्या गावी तो वारला. मग साठएक माणसांनी बसून विचार केला. प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचं. हा निर्णय कोणा गोऱ्या माणसाने दिला नव्हता. द्यायला जवळ कोणी नव्हताच. झांझिबारला डॉक्टरकडे नोकरी केलेला फारिजाला आणि नाशिकचा कॅरस फरार यांनी प्रेत उघडलं. पोटात हाताएवढी रक्ताची गाठ होती. काळीज आणि आतडी झाडाखाली पुरली, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळवला. सामानाची यादी जेकबने टिपली ती लिव्हिंगस्टनच्याच वहीत. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. ४ मे १८७३.

ही तारीख महत्त्वाची आहे. जगभरच्या पुस्तकांत लिव्हिंगस्टनचा मृत्युदिन १ मे आहे. तो आला लंडनला छापलेल्या रोजनिशीतून. होरेस वॉलरने चुमा-सुसीच्या तोंडून ऐकून शेवटचा भाग जुळवला आणि १८७४ च्या अखेरीस दोन खंड काढले. जेकबच्या हाताने जागेवर कोरलेली तारीख वेगळी पडते. तो खोडाचा तुकडा पुढे झाड तोडून लंडनला नेला गेला. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी जागेवर असलेल्या, लिहिता येणाऱ्या माणसाची नोंद दुय्यम ठरली, एवढं खरं.

परतीचा प्रवास नऊ महिने चालला. वाटेवर आजार आला, माणसं दगावली. चावेंडे नावाच्या मुखियाच्या गावात खटका उडून मारामारी झाली आणि तांड्याने ते गावच ताब्यात घेऊन तिथल्या शेळ्या-कोंबड्यांवर आठवडा काढला. पवित्र यात्रेच्या चित्रात हेही बसत नाही, पण त्या गावच्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी नेमकं हेच सांगितलं असतं. तांड्यात बायका होत्या. स्वयंपाकीण हलीमा, चुमाची बायको न्ताओएका. भुकेल्या तांड्याला रोज खायला घालणं हे काही कमी काम नव्हे.

उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमरन भेटला. तो मदतीलाच निघाला होता, उशिरा पोचला. त्याने सुचवलं, इथेच पुरून टाका. तांड्याने मानलं नाही. कॅमरनने लिव्हिंगस्टनची काही उपकरणं मात्र आपल्या मोहिमेसाठी काढून घेतली. त्याच्याबरोबर तांड्याचा म्होरक्या म्हणून होता सिदी मुबारक ‘बॉम्बे’. तोही मूळचा याओ. गुलाम म्हणून पश्चिम हिंदुस्थानात आलेला, मालक मेल्यावर सुटून परत गेलेला. स्पेक त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलत असे. बर्टन, स्पेक, स्टॅन्ली, कॅमरन या सगळ्यांच्या मोहिमांत तो होता. आफ्रिकेच्या पोटातल्या त्या मुक्कामावर हिंदुस्थान पाहिलेली इतकी माणसं एकत्र जमली होती.

फेब्रुवारी १८७४ मध्ये प्रेत बागामोयोला पोचलं. इंग्रज अधिकाऱ्याने पगार चुकता केला आणि सगळ्यांना निरोप दिला. इंग्लंडला प्रेताबरोबर गेला एकटा जेकब, मिशनच्या खर्चाने. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी पोचले ते अंत्यविधी उरकल्यावर. जेकबची रोजनिशी त्याच वर्षी जर्मनीत, जर्मन भाषांतरात छापली गेली. मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरच्या लिव्हिंगस्टन संग्रहालयात आहे. ते सर्वांना वाचता येईल असं संगणकावर आलं ते २०१९ मध्ये. दीडशे वर्षं हा साक्षीदार कागदात बसून होता.

नाशिकचं आश्रयगृह १८७५ च्या सुमारास बंद झालं. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद केला होता. त्याच्या वाटाघाटींना गेलेले सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे माजी गव्हर्नर. सोडवलेल्या गुलामांसाठी आता आफ्रिकेतच, मोंबासासमोर, फ्रिअरटाउन वसलं. ते वसवायला प्राइस स्वतः गेला आणि शरणपूरची आफ्रिकन कुटुंबं त्याच्या पाठोपाठ गेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक तेच, धर्मोपदेशक तेच, दुभाषे तेच. तरी पगार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांच्या कुरबुरी होत राहिल्या. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम मिशनच्या वस्त्यांत आसरा घेत आणि मालक दारात येऊन उभे राहत. १८८९ च्या सुरुवातीला अशा सुमारे चौदाशे जणांची मुक्तता मालकांना पैसे देऊन करावी लागली.

नाशिकला शिकलेला विल्यम जोन्स १८८५ मध्ये दीक्षा घेऊन पाद्री झाला आणि त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाकडे गेला. बिशपला ऑक्टोबरमध्ये बुसोगात ठार मारलं. उरलेला तांडा जोन्सने परत किनाऱ्यावर आणला. त्याने रोजनिशी ठेवली होती आणि बिशपच्या चरित्रकाराला ती उपयोगी पडली. पुन्हा तोच प्रकार. साक्ष शरणपूरच्या माणसाची, पुस्तकावर नाव दुसऱ्याचं. जेकब १८९२ मध्ये उरांबो इथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात जगला. लिव्हिंगस्टनला पाहिलेला अखेरचा माणूस म्हणून लोक त्याला भेटायला येत.

त्यांच्या मूळ मुलखाचं पुढे काय झालं? इंग्रज आले. १८९१ मध्ये संरक्षित प्रदेश जाहीर झाला. याओ सरदारांना नमवायला आणलेल्या फौजेत हिंदुस्थानातून आलेले सत्तर सैनिक होते. शिरे पठारावर मागोमेरो हे गाव आहे. १८६१ मध्ये चुमा आणि त्याच्याबरोबर सुटलेल्यांना मिशनऱ्यांनी तिथेच वसवलं होतं. याच मागोमेरोला पुढे एक विस्तीर्ण मळा झाला, तो लिव्हिंगस्टनच्या मुलीच्या सासरचा. तिथल्या कुळांना भाड्यापोटी ‘थांगाटा’ द्यावी लागे. आपल्याकडची वेठ. पाद्री जॉन चिलेंब्वेने आसपास शाळा काढल्या, प्रार्थनाघरं बांधली. मळ्यावरच्या कुळांसाठी बांधलेली त्याची प्रार्थनाघरं मळ्याच्या व्यवस्थापकाने जाळली. पहिल्या महायुद्धात आफ्रिकन माणसांना दुसऱ्यांच्या लढाईत का मारता, असा जाहीर सवाल चिलेंब्वेने केला. २३ जानेवारी १९१५ रोजी त्याच्या माणसांनी मागोमेरोवर हल्ला केला. व्यवस्थापक मारला गेला. त्याचं आडनावही लिव्हिंगस्टनच होतं. उठाव दहा-बारा दिवसांत चिरडला गेला आणि चिलेंब्वेला ३ फेब्रुवारीला गोळी घातली.

१९६४ मध्ये, ६ जुलैला हा संरक्षित प्रदेश, म्हणजे न्यासालँड, स्वतंत्र होऊन मलावी झाला आणि २४ ऑक्टोबरला झांबिया. मलावीच्या नोटांवर चिलेंब्वेचा चेहरा आला, आणि त्याच्या नावाने तिथे दरवर्षी १५ जानेवारीला सुट्टी असते. देशाच्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहराचं नाव मात्र अजून ब्लँटायरच आहे. स्कॉटलंडमधल्या ज्या ब्लँटायर गावात लिव्हिंगस्टन जन्मला आणि जिथे जेकबची वही आहे, त्याच गावावरून ते ठेवलेलं.